जयवंती जिवंत आहे

ताटात तांदूळ पसरले होते आणि विलासच्या हातातली अंगठी काही केल्या हलत नव्हती.

"लिही की," माझे सासरे म्हणाले. "'ज'पासून सुरुवात."

मी शेजारी बसून मुंडावळ्यांच्या आडून बघत होते. वरात नुकतीच पिसाळांच्या दारात आली होती, माप ओलांडून झालं होतं, आणि आता लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मला नवं नाव मिळायचं होतं. आमच्याकडं ह्या वेळी नुसता दंगा असतो. नणंदा नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघतात, अर्धं अक्षर उमटलं की ओरडतात, कुणी म्हणतं सिनेमातल्या बाईचं ठेवलं, कुणी म्हणतं कॉलेजातल्या मैत्रिणीचं. इथं विलासनं तांदळात 'ज' काढला आणि बायका बोलायच्या थांबल्या. 'य' काढला तेव्हा सासूबाईंनी मान खाली घातली. शेवटची वेलांटी व्हायच्या आत एक म्हातारी तोंडाला पदर लावून उठून गेली.

"जयवंती," सासऱ्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. "जयवंती विलास पिसाळ. हां, साखर वाटा."

नाव मला नवं नव्हतं. 'जयवंती कांदा-लसूण चटणी'ची पाकिटं आमच्या गावच्या किराणा दुकानातसुद्धा दोरीला लोंबत असायची. धंद्याचं नाव सुनेला देतायत म्हणजे केवढा मान, असं मला वाटलं. बायका गप्प का झाल्या, याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. म्हटलं, जळत असतील मेल्या.

त्या दिवसापर्यंत मी शालन होते. शालन पांडुरंग मोहिते. बालवाडीत शिकवत होते. वडील नव्हते, लग्नाचं भावानं बघायचं होतं, आणि माझ्या फटकळ तोंडापायी दोन जागा हातच्या गेल्या होत्या. एका पाहुण्यानं मला "चालून दाखव" म्हटल्यावर मी त्याला "आधी तुम्ही" म्हटलं होतं. त्यामुळे पिसाळांचं स्थळ आलं तेव्हा भाऊ हात जोडून म्हणाला, "शालन, एवढ्या वेळी गप्प बस." मुलगा बिजवर होता. पहिली आजारानं गेली, मूलबाळ नाही, घरचा चटणीचा कारखाना, कृष्णाकाठचं गाव. मी गप्प बसले.

गावाचं नाव मी इथं सांगत नाही. पिसाळ हे आडनावही खरं नाही.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, नावं ठेवायची फार हौस होती. दोन्ही अर्थांनी. घरातल्या प्रत्येक बाईला ते नावं ठेवायचे, आणि पेठेतली निम्मी दुकानंही त्यांच्याच तोंडून बाहेर पडली होती. शिलाईचं दुकान काढायचं असो, नाहीतर पिठाची गिरणी, माणूस नारळ घेऊन मामंजींकडं यायचा. मामंजी डोळे मिटून दोन-तीन नावं पुटपुटायचे, जिभेवर घोळवून बघायचे, आणि मग एक द्यायचे. खरं सांगते, त्यांना त्यातलं कळायचं. मला ते ऐकायला आवडायचंही.

"नाव कसं पाहिजे?" ते म्हणायचे. "पोरानं सायकलवरून जाता जाता वाचलं पाहिजे. म्हातारीला दात नसताना मागता आलं पाहिजे. आणि अर्थ असा पाहिजे, की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याचं कधी वाईट होणार नाही."

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एक जण खानावळीसाठी नाव मागायला आला. आईच्या नावानं काढायची म्हणाला, 'पार्वती भोजनालय'.

"आई आहे का?" मामंजींनी विचारलं.

"न्हाई. मागल्या साली गेली."

"मग नको. मेलेल्या माणसाचं नाव धंद्याला देऊ नये. गिऱ्हाईक जेवायला येतंय, पिंडाला नाही."

तो माणूस ओशाळला. मी चहा घेऊन आले होते. मला राहवलं नाही. "मामंजी, आणि जयवंती कुणाचं नाव?"

"तुझं की."

"माझ्या आधीचं म्हणते मी. चटणी तर जुनी आहे."

मामंजी हसले. "आधी आणि नंतर काय असतंय? जयवंती म्हणजे जी जिंकते ती. ही काय, जिवंत माझ्यापुढं उभी आहे." आणि त्या माणसाकडं वळून म्हणाले, "बघ, धंद्याचं नाव असं चालतं-बोलतं पाहिजे."

मला त्या वेळी ते कौतुकच वाटलं.

पाकिटावर एका बाईचा फोटो होता. हिरवी साडी, नथ, मान थोडी डावीकडं कललेली, हातात चटणीची वाटी. सुरुवातीला मला वाटलं, असेल छापखान्यातली कुठलीतरी बाई. पण परड्यात मिरच्यांचे देठ मोडायला येणाऱ्या बायका ते पाकीट कधी उताणं ठेवायच्या नाहीत. फोटोची बाजू खाली घालायच्या. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी सुंदराबाईजवळ जाऊन बसले. बायकांमध्ये तीच मोठी होती.

"सुंदराबाई, ही कोण?"

"जयवंती," ती म्हणाली. देठ मोडणं चालूच.

"जयवंती मी आहे."

"व्हय. तुमीबी."

मी तिचा हात धरला. तिनं परड्याच्या दाराकडं बघितलं, मग खालच्या आवाजात म्हणाली, "आदीची सूनबी जयवंतीच हुती, वैनी. मालकांनी चटनीचं नाव आदी काडलं. मग सून आनली, तिला त्येच नाव दिलं. तिचाच फोटू छापला. आता तुमी आलाय."

"ती कशानं गेली?"

"आजारानं, म्हंत्यात."

"कसला आजार?"

सुंदराबाईनं मूठभर मिरच्या पुढ्यात ओढल्या. "स्टोव्हचा."

परड्यात मिरचीचा खकाणा असतोच, सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते कुणाला कळत नाही. मी उठले आणि गच्चीवर गेले. विलास तिथं वाळत घातलेल्या मिरच्या फावड्यानं परतत होता.

नवरा म्हणून विलास वाईट नव्हता. त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. तो बापाच्या समोर आणि बापाच्या माघारीही सारखाच गप्प असायचा. मला हाक मारायची वेळ आली की "अगं" म्हणायचा.

"अहो, तुमची पहिली भाजून गेली?"

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. "भडका उडाला."

"कसा काय?"

"मी गावात नव्हतो. पोलिसांनी लिहून नेलंय सगळं."

"तिचं नाव काय होतं?"

"जयवंती."

"ते इथलं. माहेरचं नाव काय होतं?"

त्यानं फावडं पुन्हा हातात घेतलं. मिरच्यांची एक ओळ परतली, दुसरी परतली. मी तिथंच उभी होते. शेवटी माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "विसरलो."

खरंच विसरला होता की त्याला ते नाव तोंडावर आणायची भीती वाटत होती, हे मला अजून कळलेलं नाही. मी सासूबाईंना विचारायला गेले, तर त्या चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "तिचं नाव काढू नकोस," म्हणाल्या.

"कुणाचं? माझंच नाव आहे ते, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि त्यांना बहुतेक माझी.

मग फोटोचा दिवस आला. तालुक्याहून फोटोग्राफर बोलावला होता. सासूबाईंनी ट्रंकेतून हिरवी साडी काढली, नवी कोरी. नथ मात्र जुनी होती. मी पडद्यापुढं बसले. फोटोग्राफरनं माझ्या हातात चटणीची वाटी दिली.

"ताई, मान जरा डावीकडं. अजून थोडी. मागच्या वेळी जशी—"

"शंकर," मामंजी म्हणाले. एवढंच.

शंकर फोटोग्राफरनं कॅमेऱ्यात डोकं घातलं. मग मामंजी स्वतः पुढं आले आणि दोन बोटांनी माझी हनुवटी डावीकडं वळवली, आडत्या मालाची गोणी सरळ करतो तशी. "हस," म्हणाले.

माझ्यासारख्या फटकळ बाईला तिथं काहीतरी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी हसले. नवी पाकिटं छापून आली तेव्हा मी दोन्ही शेजारी ठेवून बघितली. तोंड वेगळं होतं. पण दोरीला लटकलेलं पाकीट लांबून बघणाऱ्याला काही फरक कळला नसता.

सांगलीला महिलांच्या गृहउद्योगांचं प्रदर्शन होतं. जीपमध्ये मामंजींनी मला पुढं बसवलं आणि पहिल्यांदाच सगळं उघड बोलले.

"बाजारात लोक काय म्हणतात, ठाऊक आहे? जळक्या बाईची चटणी. बायका पाकीट हातात घेतात आणि परत ठेवतात. आता एवढ्या लोकांच्या तोंडाला कुठं हात लावत बसायचं? त्यापेक्षा माणूस समोर उभं करायचं. आज व्यासपीठावर सत्कार आहे तुझा. बाई माईकवर विचारतील, आपलं नाव काय. तू म्हणायचं, मीच जयवंती. बास. बाकी मी बघतो."

"आणि कुणी विचारलं, मग ती कोण होती?"

"कोण ती?" मामंजी म्हणाले.

मागं बसलेला विलास खिडकीतून बाहेर बघत होता.

आमचा स्टॉल मोक्याच्या जागी होता. वर माझ्या फोटोचा फलक, खाली मी, हिरवी साडी नेसून. येणारे जाणारे फलकाकडं बघायचे, मग माझ्याकडं, आणि हसायचे. दोघी-तिघी बायका तर आपापसात म्हणाल्यासुद्धा, "अगं, ही बघ की! चांगली धडधाकट आहे. लोक काहीही उठवतात." मामंजी ते ऐकून खूश झाले आणि साहेबलोकांना भेटायला व्यासपीठाकडं गेले. विलास पेटी आणायला जीपकडं गेला होता.

तेवढ्यात एक बाई आली. साठीची, वाळकी, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. तिनं फलकाकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिली, पायापासून डोक्यापर्यंत.

"तू जयवंती?"

"हो."

"जयवंती विलास पिसाळ?"

"हो, मावशी. चटणी देऊ का?"

ती स्टॉलच्या कडेला ठेवलेल्या गोणीवर बसली. "मग माझी जळली ती कोन गं?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"बाजारात म्हंत्यात, जयवंतीला काय बी झालं न्हाई. जयवंती सांगलीला येनार हाय. म्हनून आले बघाया."

"मला बघायला?"

"तुला कशाला? म्या माझ्या लेकीला हातानं माती दिलीया. तरी आले." तिनं पदर डोळ्याला लावला नाही, नुसतीच माझ्याकडं बघत राहिली. "मन येडं असतंय बाई."

मी तिच्यापुढं खाली बसले. नव्या साडीचा घोळ धुळीत गेला. "मावशी, तिचं नाव काय होतं? माहेरचं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसावा. तिचा चेहरा एकदम बदलला. "हौसा," ती म्हणाली. "लई नवसानं झाली, म्हनून हौसा ठिवलं. नागपंचमीला आली तवा म्हनली, आये, मला हाक मार. म्हनलं, हितंच हाईस की, हाक कशाला मारू? म्हनली, मार की, तकडं मला कोन हौसा म्हनत न्हाई. म्या हसले. म्हनलं, जयवंतीबाई, च्या घ्या."

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"दहाव्याला घाटावर तुझ्या सासऱ्यानं निवद ठिवून नाव घेतलं, जयवंती. दुपार झाली तरी कावळा शिवंना. काय काय कबूल केलं त्यांनी. धंदा बुडू देनार न्हाई, तुझं नाव जाऊ देनार न्हाई. शेवटाला दर्भाचा कावळा केला आन् उठली समदी. म्या लांब उभी हुते. वरडून सांगनार हुते का तिचं नाव हौसा हाय, हौसा म्हना. तोंडच उघडलं न्हाई माझं."

"घरात काय झालं होतं?"

"त्ये म्या बघितलं न्हाई. न बघितल्यालं बोलत न्हाई. पर ती मेली, एवढं तर खरं हाय न्हवं? त्येवढं तर ऱ्हाऊ द्या."

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. मला तिच्या जागी आणलं नव्हतं. ती गेलीच नाही, हे दाखवायला आणलं होतं. मी "जयवंती" म्हटलं की हौसाचं मरण पुसलं जाणार होतं. आणि उद्या त्याच घरात माझ्या पदरानं पेट घेतला असता, तरी जयवंती मेली नसती. पुन्हा तांदूळ पसरले असते, पुन्हा साखर वाटली असती, आणि शालन म्हणून कुणी होती हे माझ्या भावाशिवाय कुणाला आठवलं नसतं. त्यालाही किती दिवस आठवलं असतं, देव जाणे.

व्यासपीठावरून पुकारा झाला. "जयवंती कांदा-लसूण चटणीच्या संचालिका, सौभाग्यवती जयवंतीताई पिसाळ!"

मामंजी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी उभे राहून मला खुणावत होते. मी गेले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझ्या हातात श्रीफळ दिलं, माईक तोंडासमोर धरला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, आपलं नाव सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल की त्या पाकिटामागची बाई कोण!"

"माझं नाव शालन," मी म्हटलं.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, मी गोंधळले.

"शालन पांडुरंग मोहिते. पाकिटावर माझ्या आधी जिचा फोटो होता, तिचं नाव हौसा. ती पिसाळांच्या घरात जळून वारली. तिची आई इथं आली आहे. जयवंती म्हणून कुणी नाही, कधीच नव्हती. मी—"

माईक बंद पडला. मी बोलत राहिले, पण ते पुढच्या रांगेच्या पलीकडं गेलं नसेल. लगेच कर्ण्यावर सनईची टेप लागली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण असं सनईच्या सुरात बुडालं.

मामंजी वर आले ते हसत हसत. "उन्हाचा त्रास झालाय सूनबाईला," साहेबांना म्हणाले. माझा दंड धरून मला खाली आणलं. पायऱ्यांच्या आडोशाला आल्यावर हसू गेलं, पण आवाज चढला नाही.

"चल, जयवंती. घरी जाऊ."

"मी त्या घरात येणार नाही."

विलास तिथंच उभा होता, हातात चटणीची पेटी. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं पेटी खाली ठेवली नाही.

मामंजी थोडा वेळ विचार करत होते. कुणी दुकानाचं नाव मागायला आलं की करायचे, तसाच. मग म्हणाले, "नको येऊस. तू आली नाहीस म्हणून नाव थोडंच थांबतंय?"

हौसाची आई आणि मी एस.टी. स्टँडवर गेलो. ती तिच्या गाडीला गेली, मी माझ्या. अंगावर हिरवी साडी होती, नाकात तिच्या लेकीची नथ. ती मी स्टँडवरच काढून तिच्या हातात ठेवली. तिनं ती पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "जा बाई. जित्ती ऱ्हा."

पुढं फारसं काही घडलं नाही. एक हवालदार येऊन चौकशी करून गेला. जुनं प्रकरण होतं, कुणी साक्षीला उभं राहिलं नाही, सुंदराबाईसुद्धा नाही. तिला मी दोष देत नाही, तिला परड्यातच पोट भरायचं होतं. सोडचिठ्ठी झाली. कागदावर नाव जयवंतीचं होतं, खाली सही मी शालन अशी केली. ती चालली. मी परत बालवाडीत गेले. भाऊ माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही.

आणि मग कानावर आलं की विलासचं पुन्हा जमलं. मुलगी माणदेशातली, लग्न तोंडावर आलेलं. मी पत्ता काढला, रजा टाकली आणि गेले. ऊन मी म्हणत होतं. फाट्यावर उतरून बरंच आत चालावं लागलं. दगडमातीचं घर, दारात शेळी, आणि ओट्यावर मुलीची आई लग्नाचे तांदूळ निवडत बसलेली.

मी राम राम केला, पाणी मागितलं. तिनं आत तोंड करून हाक मारली, "ए जयवंते! पानी आन गं पावनीला."

मी ओट्याच्या कडेला बसले. "लग्न झालं का मुलीचं?"

"न्हाई अजून. पर सासरी ह्येच नाव ठिवनार, असा निरोप आलाय. तवापास्नं आमीबी त्येच म्हंतो. पोरीला सवय व्हाया नगं?"

मुलगी तांब्या घेऊन आली. जेमतेम अठराची. मी पाणी प्यायले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मी कोण, हौसा कोण, तांदळाचं ताट, फोटो, सांगली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आईनं निवडणं थांबवलं नाही.

"तुमी नांदला न्हाईसा," माझं झाल्यावर ती म्हणाली. "टाकल्याल्या बाईला त्या घरचं वंगाळच दिसनार."

"मी आपल्या पायानं निघाले. आणि हौसाची आई अजून आहे. तिला विचारा."

"कुनाच्या नशिबात काय, कुनाच्या काय. आमाला हुंडा न्हाई मागितला त्यांनी. चांगलं घर मिळतंय पोरीला, त्यात सोन्यावानी नाव मिळतंय."

"आधीचं काय नाव हिचं?"

"हुतं कायतरी." तिनं सुपाला एक झटका दिला. "सांगन्याजोगं न्हाई."

मी आणखी बोलले, हात जोडले. शेवटी तिनं सूप उचललं आणि आत गेली. माझ्याच्यानं काही झालं नाही. मी परत फाट्याकडं चालायला लागले, आणि रडू आलं ते मी दाबलं नाही. रस्त्यावर बघायला होतं कोण!

फाट्याजवळच्या हातपंपापाशी मला मागून कुणीतरी गाठलं. ती मुलगी होती, काखेत घागर घेऊन. धापा टाकत होती.

"ताई, तुमी सांगितलं त्ये खरं?"

"अगदी खरं."

"मला वाटलंच. माझा बापबी येक डाव बोलून गेला हुता आयेला, त्या घरात येक सून जळली म्हून."

"मग माझ्याबरोबर चल. आत्ता. गाडी येईलच. मी बघते पुढचं सगळं."

तिनं मान हलवली. "माझ्या पाठीवर आनि दोघी हाईत. म्या मोडलं तर त्यास्नी कोन करंल?"

मी खूप समजावलं. ती ऐकून घेत होती, पण ते ऐकणं मोठ्या माणसाचं होतं, वाद न घालणारं. लांबवर गाडीचा धुरळा दिसायला लागला. तिनं घागर पंपाखाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या अगदी जवळ आली.

"आये सांगत न्हाई, तिला लाज वाटती. तुमी हसू नगा."

"नाही हसत."

"माझं नाव नकुसा हाय. माझ्या आदी दोन पोरी झाल्या हुत्या, म्हनून माझं नाव नकुसा ठिवलं. आता पोरगी नगं, असं." ती माझ्याकडं बघत होती, तोंड पाठ धडा म्हणताना करतात तसं नीट करून. "नकुसा दगडू खाडे. काय झालंच माझं, तर त्येवढं कुनाला तरी ठावं असू द्या."

गाडी थांबली. कंडक्टरनं दारावर थाप मारली.

"म्हना बघू येकदा," ती म्हणाली.

मी पायरीवर एक पाय ठेवून वळले. "नकुसा."

"ओ," ती म्हणाली, आणि घागर भरायला पंपाकडं गेली.